व्हर्जिनिया ते व्हरमाँट: कुलूपबंद पेटी घेऊन आठ राज्यांतून

गुरुवार : ॲशबर्न ते स्क्रँटन

नेमबाजीच्या स्पर्धेला गाडीने जायचं ठरलं की माझी तयारी रस्त्यापासून सुरू होते, पिस्तूल नंतर. आम्ही राहतो व्हर्जिनियात, ॲशबर्नला. स्पर्धा होती व्हरमाँटमध्ये, मॉन्टपेलियरजवळच्या एका लहानशा क्लबात. तिकडे जायचा एक रस्ता बाल्टिमोर, डेलावेअर, न्यू जर्सी टर्नपाइक असा न्यूयॉर्क शहराच्या बगलेतून वर जातो. तो आम्ही सोडला आणि आधी पश्चिमेला विंचेस्टर गाठून ८१ नंबरचा हायवे धरला. या रस्त्यावर मेरीलँड राज्य फक्त १२ मैल लागतं आणि न्यू जर्सी लागतच नाही. माझ्या दृष्टीने एवढं कारण पुरेसं होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे शस्त्र कायदा एकच, १९५९चा, अख्ख्या देशाला लागू. परवाना कुठवर चालेल, जिल्ह्यापुरता, राज्यापुरता की देशभर, ते परवान्यावरच लिहिलेलं असतं. माझ्या काकांकडे शेताच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक होती. निवडणूक जाहीर झाली की ते ती पोलीस ठाण्यात जमा करायचे आणि निकालानंतर परत आणायचे. नियम जाचक वाटायचा, पण काय करायचं ते गावात सगळ्यांना ठाऊक असायचं. अमेरिकेत गाडी चालवायचा माझा परवाना पन्नासही राज्यांत चालतो. पिस्तूल बाळगण्याचा परवाना मात्र व्हर्जिनियाच्या सर्किट कोर्टाने दिलेला, पाच वर्षांच्या मुदतीचा. काही राज्यं तो मानतात, काही मानत नाहीत. जे कृत्य ॲशबर्नला पूर्ण कायदेशीर, तेच चार तासांच्या अंतरावर तुरुंगाचं कारण ठरू शकतं.

यातून वाट काढणारा केंद्राचा एक कायदा आहे, १९८६चा. तो म्हणतो की ज्या ठिकाणी तुम्हाला शस्त्र बाळगायचा हक्क आहे तिथून, जिथे तसाच हक्क आहे अशा दुसऱ्या ठिकाणी ते नेताना मधल्या राज्यांचे नियम आड येणार नाहीत. अटी अशा: शस्त्र रिकामं हवं. शस्त्र आणि काडतुसं, दोन्ही प्रवाशांच्या हाताला लागता कामा नयेत. गाडीला वेगळी डिकी नसेल तर दोन्ही कुलूपबंद पेटीत हवीत, आणि डॅशबोर्डमधला कप्पा किंवा दोन सीटमधला कप्पा ही पेटी धरली जात नाही.

आमच्याकडे दोन गाड्या आहेत. मोठी आरामशीर आहे, पण तिची मागची जागा आणि बसायची जागा एकच. म्हणून जुनी सेडान काढली, तिला वेगळी डिकी आहे. पिस्तूल कडक पेटीत, रिकामं, चेंबरमध्ये लाल खूण लावून. काडतुसं दुसऱ्या पेटीत. दोन्हींना कुलूप, दोन्ही डिकीत. पिस्तूल म्हणजे रूगरचं मार्क फोर, .२२ बोअरचं. त्याचं मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची काढघाल करता येणारी डबी, दहा गोळ्यांचं असतं, आणि दहा हा आकडा या वाटेवर फार महत्त्वाचा आहे, कारण न्यूयॉर्क, कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्स इथे त्याहून मोठं मॅगझिन बाळगणंच गुन्हा आहे. नवऱ्याचं ग्लॉक १९ पंधरा गोळ्यांचं, ते घरीच तिजोरीत राहिलं. १९८६चा कायदा शस्त्राबद्दल बोलतो, मॅगझिनचं नावही घेत नाही. तेवढ्या फटीवर आपली सुरक्षितता टांगणं मला पटत नाही. काडतुसंही साध्या गोल टोकाच्या शिशाच्या गोळ्यांची घेतली. पोकळ टोकाच्या गोळ्यांवर न्यू जर्सीत कडक निर्बंध आहेत. अपघाताने किंवा वळवलेल्या रस्त्याने त्या राज्यात शिरावं लागलं तर?

एवढी काळजी कशासाठी, असं मैत्रिणी विचारतात. मी ग्रीन कार्डवर आहे. शस्त्राच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डधारकाला या देशातून काढून टाकता येतं. इथे जन्मलेल्याला कोर्ट आणि वकील एवढ्यावर निभावेल; आमचं घर, मुलीची शाळा, सगळंच पणाला लागतं.

विंचेस्टर सोडलं आणि राज्यं भराभर बदलू लागली. वेस्ट व्हर्जिनियाचे २६ मैल: इथे २०१६ पासून एकवीस वर्षांवरच्या, कायद्याने बंदी नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मग पोटोमॅक नदीचा पूल, आणि मेरीलँडचे १२ मैल: इथे त्यांच्या राज्याच्या परवान्याशिवाय गाडीत पिस्तूल असणंच गुन्हा, रेंजला जाण्यासारखे ठरावीक अपवाद सोडून. मग पेनसिल्व्हेनिया: इथे दुसऱ्या राज्याचा वैध परवाना असलेल्या माणसाला गाडीत पिस्तूल नेता येतं. पाऊण तासाचा हा पट्टा. दोन्हीकडे सफरचंदाच्या बागा, तीच गुरं, तीच गोदामं. पाटी सोडली तर काही बदललं असं डोळ्यांना कळत नाही. हॅगर्सटाउनला नवऱ्याला कॉफी हवी होती. मी म्हटलं, दहा मिनिटं थांब, पेनसिल्व्हेनियात पिऊ. थांबलो असतो तरी बहुधा काही झालं नसतं. पण बारा मैलांच्या राज्यात थांबायचं कारण काय, असं कुणी विचारलं तर उत्तर द्यायची वेळच नको.

स्क्रँटनला हॉटेलात उतरलो. पेटी खोलीत आणली. रात्री गाडीत पिस्तूल ठेवायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम आहे, कुठल्या राज्याने सांगितलेला नव्हे. गाड्या फोडून चोरलेली पिस्तुलं कुठे जातात हे सगळ्यांना माहीत आहे.

शुक्रवार : न्यूयॉर्क ओलांडताना

सकाळी निघतानाच टाकी भरली, डबे भरले. ग्रेट बेंडनंतर न्यूयॉर्क राज्य लागतं आणि व्हरमाँटच्या हद्दीपर्यंत साधारण तीन तास ते संपत नाही. बिंगहॅम्टनपासून ८८ नंबरचा हायवे सस्क्वेहाना नदीच्या सोबतीने जातो. ऑक्टोबरचा मध्य, मेपलची झाडं पेटल्यासारखी लाल. असा रस्ता थांबत थांबत बघायचा असतो. आम्ही एकदाच थांबलो, पेट्रोल आणि बाथरूमपुरते, आणि आळीपाळीने आत गेलो.

न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल नुसतं जवळ असायलाही राज्याचा परवाना लागतो. ही परंपरा १९११च्या सलिव्हन कायद्यापासूनची. बाहेर बाळगायचं तर ‘सबळ कारण’ दाखवावं लागे आणि ते सबळ आहे की नाही ते अधिकारी ठरवत. जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रूएन खटल्यात ती अट घटनाबाह्य ठरवली. त्यावर राज्याने लगेच नवा कायदा केला, १ सप्टेंबरपासून लागू: सोळा तासांचं वर्ग प्रशिक्षण, दोन तास प्रत्यक्ष गोळीबार, आणि ‘संवेदनशील जागां’ची लांबलचक यादी, ज्यात टाइम्स स्क्वेअरसुद्धा आहे. प्रशिक्षणाची अट मला मनापासून पटते. पुण्यात कॉलेजात असताना एनसीसीत .२२ची डिलक्स रायफल पहिल्यांदा हातात आली, त्याआधी ती कशी धरायची, कुठे रोखायची नाही, बोट कधी ट्रिगरवर न्यायचं, हे आमच्याकडून घोटून घेतलं होतं. ते न शिकता कुणी पिस्तूल कमरेला लावावं, हे मला अजूनही रुचत नाही, मग राज्य कुठलंही असो.

पण या राज्यातून जाताना माझ्या मनात असतो तो १९८६च्या कायद्याचा पातळपणा. कागदावर तो ढाल आहे. प्रत्यक्षात काय होतं, ते २००५ मध्ये नेवार्क विमानतळावर दिसलं. यूटाचे एक गृहस्थ सॉल्ट लेक सिटीहून पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला निघाले होते. पिस्तूल रिकामं, कुलूपबंद, रीतसर जाहीर करून सामानात दिलेलं. नेवार्कला पुढचं विमान चुकलं. बसने जायचं ठरलं, तर सामान बसमध्ये चढलंच नाही. ते शोधून हातात येईपर्यंत बस गेली. रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी काउंटरवर त्यांनी नियमाप्रमाणे स्वतःहून पिस्तूल जाहीर केलं, आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्यांना अटक झाली. काही दिवस तुरुंगात गेले. खटला पुढे मागे घेतला गेला, पण त्यांनी नुकसानभरपाई मागितली तेव्हा अपील न्यायालयाने २०१० मध्ये ती नाकारली. कारण हेच की हॉटेलात रात्रभर पेटी त्यांच्या हाताशी होती, म्हणजे संरक्षणाची अट मोडली. न्यायालयालाही ते कठोर वाटलं, पण कायद्याचे शब्द तसे होते. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या विमानतळांवर पकडल्या गेलेल्यांच्या दाव्यातही दुसऱ्या अपील न्यायालयाने भरपाईचा मार्ग बंद केला.

म्हणजे या कायद्याचा उपयोग बऱ्याचदा अटक झाल्यानंतर, कोर्टात होतो. प्रामाणिक माणूस शेवटी सुटतो. पण हातकडी, जामीन, वकिलाची फी, नोकरीतला खुलासा हे सगळं होऊन गेल्यावर सुटतो. म्हणून आम्ही न्यूयॉर्कमध्ये मुक्काम करत नाही, कितीही उशीर झाला तरी. विमानाने जायचं तर थेट विमान नसेल तेव्हा मी स्पर्धाच सोडते.

दुपारी बेनिंग्टनला पोचलो. व्हरमाँट.

शनिवार : स्पर्धा

व्हरमाँटने पिस्तूल बाळगायला परवाना कधी ठेवलाच नाही. आता निम्म्याहून अधिक राज्यांनी परवान्याची अट काढून टाकली आहे, पण इथे ती मुळातच नव्हती. रटलंड शहराने एकदा घालून पाहिली होती: महापौर किंवा पोलीसप्रमुखाच्या परवानगीशिवाय शहरात पिस्तूल नको. १९०३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला.

रेंज एका टेकडीच्या कुशीत. गोळ्या अडवायला मागे मातीचा उंच बांध. सावकाश फेरीत दहा गोळ्यांना दहा मिनिटं, मग वीस सेकंदांत पाच, मग दहा सेकंदांत पाच. रेंज अधिकाऱ्याचा हुकूम झाला की सगळे एकदम उभे, हुकूम झाला की सगळे एकदम रिकामे. या शिस्तीत मला जी शांतता मिळते ती दुसऱ्या कशात नाही. श्वास अर्धा सोडायचा, पुढची माशी (नळीच्या टोकाची नेम धरायची खूण) स्पष्ट, लक्ष्य किंचित धूसर, आणि बोट आपोआप मागे यायला हवं. ऑलिंपिकमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं त्या रात्री आम्ही इथे पेढे वाटले होते. नेमबाजी म्हटली की इथल्या बऱ्याच मराठी घरांत कपाळावर आठ्या येतात. त्या आठवड्यात मात्र सगळ्यांना त्याचा ‘तीन पोझिशन’ हा प्रकार म्हणजे काय ते जाणून घ्यायचं होतं.

माझी वेगाची फेरी चांगली झाली, सावकाशची मध्यम.

जेवणाच्या सुट्टीत एका सत्तरीच्या गृहस्थांशी गप्पा रंगल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत फेअर हेवनच्या शाळेत गोळीबार करण्याचा एका मुलाचा बेत उघडकीला आला. तोवर नव्या निर्बंधांची गरज नाही म्हणणारे गव्हर्नर फिल स्कॉट यांनी त्या प्रकरणातले पोलिसांचे कागद वाचून मत बदललं आणि ११ एप्रिलला मॉन्टपेलियरच्या विधानभवनाच्या पायऱ्यांवर, टाळ्या आणि शिव्या दोन्ही ऐकत, तीन विधेयकांवर सही केली. त्यातून खासगी विक्रीलाही पार्श्वभूमी तपासणी आली आणि मॅगझिनला मर्यादा आली: लांब बंदुकीला दहा, पिस्तुलाला पंधरा. २०२३ पासून खरेदीनंतर ७२ तास थांबावंही लागतं. हे गृहस्थ त्या दिवशी पायऱ्यांसमोर विरोधकांत उभे होते आणि आजही त्यांचं मत तेच आहे. त्यांची मुलगी शिक्षिका आहे, ती समर्थकांत उभी होती. दोघं दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला एकत्र जातात. ‘आम्ही भांडतो गाडीत. जंगलात बोलत नाही, हरणं पळतात,’ असं ते म्हणाले. परवान्याशिवायचं राज्य म्हणजे बेफिकीर राज्य, हा माझा कधीकाळचा ग्रह अशा माणसांनी दूर केला. रेंजवर त्यांच्या एवढा काटेकोर माणूस दुसरा नव्हता.

रविवार : नदीच्या काठाने

परतीला आम्ही ९१ नंबरचा हायवे घेतला, कनेक्टिकट नदीच्या काठाने. पलीकडच्या तीरावर न्यू हॅम्पशायर.

विंडसरला थांबायचं आधीपासून ठरलं होतं. याच गावातल्या एका खानावळीत १७७७ मध्ये व्हरमाँटची राज्यघटना मंजूर झाली. तिच्यात लोकांना ‘स्वतःच्या आणि राज्याच्या रक्षणासाठी’ शस्त्र धारण करण्याचा हक्क लिहिलेला आहे. आज ते १६वं कलम. देशाच्या घटनेत शस्त्राचा हक्क सांगणारी दुसरी दुरुस्ती १७९१ची, म्हणजे व्हरमाँटचं कलम तिच्याही आधीचं. तिथून जवळच विटांची तीन मजली इमारत आहे, रॉबिन्स अँड लॉरेन्सचा १८४६चा बंदूक कारखाना. आता तिथे अमेरिकन प्रिसिजन म्युझियम आहे. आम्ही आळीपाळीने आत गेलो. एकजण कायम गाडीपाशी.

हे संग्रहालय मला फार आवडलं. इथे कौतुक बंदुकीपेक्षा यंत्राचं आहे. पूर्वी प्रत्येक बंदूक कारागीर हाताने घासून जुळवायचा. एकीचा घोडा दुसरीला बसत नसे. या कारखान्याने सैन्यासाठी रायफली अशा बनवल्या की कुठल्याही रायफलीचा कुठलाही सुटा भाग दुसरीला बसावा. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात त्या मांडल्या गेल्या आणि ब्रिटिश सरकारला ही पद्धत इतकी भावली की त्यांनी याच कारखान्याकडून यंत्रं मागवली. शिवणयंत्र, सायकल, मोटार, सगळ्या कारखानदारीची मुळं या खोऱ्यातल्या लेथ आणि मिलिंग मशीनमध्ये आहेत. माझे वडील भोसरीला टूलरूममध्ये होते. जुन्या मिलिंग मशीनसमोर मी बराच वेळ उभी होते. ते असते तर मला बाहेर काढणं कठीण झालं असतं.

ब्रॅटलबरोला टाकी भरली, उपमा खाल्ला, डिकीतली कुलपं पुन्हा बघितली. पुढे मॅसॅच्युसेट्सचे ५५ मैल. इथे परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरल्यास १९७५ पासून सक्तीची कैद आहे, आधी किमान एक वर्षाची, आता किमान दीड वर्षाची, आणि २०२४ च्या कायद्याने नियम आणखी आवळले. अशा राज्यातल्या स्प्रिंगफील्डमध्ये १९६८ पर्यंत देशाच्या सैन्याचा सर्वांत जुना शस्त्र कारखाना चालत होता. पिस्तुलं बनवणारी स्मिथ अँड वेसन कंपनीही इथलीच. तिने २०२१ मध्ये राज्यातल्या प्रस्तावित कायद्याचं कारण देऊन मुख्यालय टेनेसीला हलवायचं जाहीर केलं. पुढचं हार्टफर्ड म्हणजे सॅम्युअल कोल्टचं गाव. ज्या खोऱ्याने अमेरिकेला बंदुका पुरवल्या, तिथल्या मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटचे कायदे आज देशातल्या सर्वांत कडक कायद्यांपैकी आहेत. हे का, याचं उत्तर पुढच्या तासाभरात रस्त्यावरच मिळतं.

हार्टफर्डला ८४ नंबरचा हायवे घेऊन पश्चिमेला वळलं की न्यूटाउन लागतं. सँडी हुककडे जाणारी पाटी दिसते. १४ डिसेंबर २०१२ला तिथल्या शाळेत वीस मुलं आणि सहा शिक्षक-कर्मचारी मारले गेले. मुलं सहा-सात वर्षांची. माझी मुलगी आज त्या वयाची आहे. गावात आता त्यांचं स्मारक आहे आणि मला तिथे जायचं आहे, बऱ्याच दिवसांपासून. आज वळलो नाही. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर वाट सोडून थांबणं नको होतं. पण मुख्य म्हणजे डिकीत पिस्तूल घेऊन त्या जागी जायला माझं मन तयार नव्हतं. ते पिस्तूल कागदाच्या लक्ष्यापलीकडे कधी रोखलं गेलेलं नाही, हे खरं असूनही.

त्या घटनेनंतर चार महिन्यांनी, एप्रिल २०१३ मध्ये कनेक्टिकटने आपला कायदा कडक केला. दहाच्या मॅगझिनची मर्यादा त्यातली. न्यूयॉर्कने जानेवारीतच केला होता. राज्याराज्यांतल्या फरकांना आमच्या क्लबातले काही लोक नुसती अडवणूक म्हणतात. मी तसं म्हणू शकत नाही. प्रत्येक नियमामागे कुणाची तरी शाळा आहे, कुणाचं तरी गाव आहे. मॅगझिनच्या आकड्याने असा माणूस थांबतो का, यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण आपल्या मुलांना पुरून आलेल्या गावाने काहीतरी करायचा हट्ट धरला, यात मला अन्याय दिसत नाही. माझं काम एवढंच की तिथून जाताना त्यांचा नियम पाळावा. कनेक्टिकटने तरी वाटसरूची सोय स्पष्ट ठेवली आहे: केंद्राच्या कायद्यातल्या अटी त्यांनी आपल्या कायद्यातही लिहिल्या आहेत.

न्यूयॉर्कचा तुकडा पुन्हा एकदा, मग पोर्ट जर्विसला डेलावेअर नदी. इथे न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं एका बिंदूत मिळतात. आम्ही पेनसिल्व्हेनियात उतरलो आणि २०९ नंबरच्या रस्त्याने नदीकाठाने खाली निघालो. हा भाग राष्ट्रीय उद्यान सेवेचा. २०१० पासून अशा जागी त्या त्या राज्याचा शस्त्र कायदा लागू होतो. फक्त माहिती केंद्रासारख्या सरकारी इमारतींत शस्त्र न्यायला केंद्राची बंदी कायम आहे. म्हणून माहिती केंद्राच्या नुसत्या पाट्या वाचल्या आणि अंधार पडता पडता ईस्टनला पोचलो.

सोमवार : ईस्टनचा नदीकाठ

माझा मावसभाऊ एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. या वाटेवरून जाऊन त्याच्याकडे न उतरणं म्हणजे आमच्या घरात मोठाच गुन्हा. पण पिस्तूल घेऊन त्याच्या घरी रात्र काढणं म्हणजे तोच नेवार्कचा प्रसंग स्वतःवर ओढवून घेणं. न्यू जर्सीत पिस्तुलाच्या गुन्ह्याला किमान साडेतीन वर्षांची सक्तीची कैद होऊ शकते. मग दादा-वहिनीच पन्नास मैल गाडी हाकत ईस्टनला आले, सोमवारची सुट्टी होती. लेहाय नदी डेलावेअरला मिळते तिथल्या हिरवळीवर चादर अंथरली. वहिनींनी भरीत, भाकरी, खर्डा, दही सगळं बांधून आणलं होतं. समोर पूल, पुलापलीकडे फिलिप्सबर्ग, तिथून न्यू जर्सी सुरू.

दादाला आधी रागच होता. “अगं, पेटीला कुलूप आहे ना? मग आमच्या गॅरेजमध्ये ठेवली असती एक रात्र.”

मी त्याला फिलाडेल्फियाच्या त्या तरुण आईची गोष्ट सांगितली. दोन मुलांची एकटी आई, पेनसिल्व्हेनियाचा परवाना, आधी कुठलाही गुन्हा नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये अटलांटिक काउंटीत गाडी थांबवली तेव्हा तिने प्रामाणिकपणे पोलिसाला सांगितलं की माझ्याजवळ पिस्तूल आहे, हा परवाना. पूल ओलांडल्यावर तो परवाना चालत नाही हे तिला माहीत नव्हतं. ती सव्वा महिन्याहून जास्त तुरुंगात होती आणि डोक्यावर काही वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. पुढे तिला खटल्याऐवजी दुसरी वाट मिळाली आणि एप्रिल २०१५ मध्ये गव्हर्नर ख्रिस ख्रिस्टी यांनी तिला माफी दिली. दादा काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे खरं बोलली म्हणून अडकली.” तसं म्हणता येणार नाही. नियम माहीत नव्हता म्हणून अडकली. खरं बोलणं योग्यच होतं. पण काही राज्यांत पोलिसाने थांबवल्यावर आपणहून सांगणं सक्तीचं आहे, काहींत विचारल्यावर, हेसुद्धा निघण्याआधी बघावं लागतं.

वहिनींचा धाकटा भाऊ सोबत आला होता, एच-वन-बीवर. त्याला रेंजवर जाऊन बघायचं होतं, म्हणाला, ऑफिसातले सगळे जातात. त्याला मी थांबवलं. कामाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला शस्त्र आणि काडतूस बाळगायला केंद्राच्या कायद्यानेच बंदी आहे, मग राज्य टेक्सास असो की न्यू जर्सी. रेंजवर भाड्याने घेतलेलं पिस्तूल हातात धरणं हासुद्धा ताबाच मानला जातो. अपवाद आहे: कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो काढायला बहुतेक ठिकाणी शिकारीच्या सुरक्षिततेचा अभ्यासक्रम करावा लागतो, आणि त्याची मुदत संपली की अपवादही संपला. ऑफिसातल्या मित्रांना हे माहीत नसतं, कारण त्यांना कधी गरज पडली नाही. एका शनिवारच्या हौसेपायी व्हिसा, ग्रीन कार्डची रांग, सगळं धोक्यात. आणि आणखी एक सांगितलं, कारण त्याच्या वयाच्या मुलांत हा गैरसमज फार आहे: न्यू जर्सीत किंवा व्हरमाँटमध्ये गांजा कायदेशीर असला तरी केंद्राच्या लेखी तो बेकायदेशीरच आहे, आणि बंदूक विकत घेतानाच्या ४४७३ नंबरच्या फॉर्मवर त्याबद्दल थेट प्रश्न असतो. खोटं लिहिलं तर तो वेगळा गुन्हा.

निघताना दादा म्हणाला, “तुम्ही तिकडे एक कायदा करून टाका ना, सगळ्या देशाला एकच.” असा प्रयत्न झाला आहे. प्रत्येक राज्याने दुसऱ्या राज्याचा बाळगण्याचा परवाना मानावा, असं विधेयक डिसेंबर २०१७ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सिनेटमध्ये अडकलं. आमच्या क्लबात बहुतेकांचा त्याला पाठिंबा आहे. माझा नाही. सोळा तास शिकवल्याशिवाय परवाना न देणाऱ्या राज्याने, काहीच न शिकवणाऱ्या राज्याचा परवाना का मानावा? रस्त्यात भरलेलं पिस्तूल घेऊन फिरण्याचा नियम त्या त्या राज्याने ठरवावा. मला हवं आहे ते वेगळं आणि छोटं आहे.

ईस्टनहून हॅरिसबर्ग, पुन्हा तेच बारा मैल मेरीलँड, वेस्ट व्हर्जिनिया, आणि रात्री घर. वाटेत मी नवऱ्याला मजकूर सांगत गेले, तो टिपत गेला (गाडी मी चालवत होते). दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या काँग्रेस प्रतिनिधीला पत्र गेलं. मी अजून मतदार नाही, पण पत्र लिहायला मतदार असावं लागत नाही. १९८६च्या कायद्यात तीन दुरुस्त्या मागितल्या आहेत. कुलूपबंद पेटी घेऊन प्रवासात रात्रीचा मुक्काम, पेट्रोल, जेवण, गाडीची दुरुस्ती, चुकलेलं विमान हे सगळं ‘प्रवास’ धरलं जाईल असं स्पष्ट लिहा. शस्त्रासोबत त्याच्या मॅगझिनचाही उल्लेख करा. आणि पेटी बंद, पिस्तूल रिकामं, जिथे पोचायचं ते ठिकाण कायदेशीर, एवढं दाखवल्यावर अटक करायची नाही, ही जबाबदारी पोलिसावर टाका. आज ती प्रवाशाने कोर्टात पार पाडायची आहे. सोबत नेवार्कच्या निकालाचा संदर्भ जोडला आहे. उत्तर आलं की दादाला पाठवीन.